मालकाचं घड्याळ माझ्या मनगटावर

अर्ज मागे घ्यायच्या दिवशी मी नगरपालिकेच्या पायऱ्या चढलो तेव्हा माझ्या मनगटावर तीनला दहा कमी होते. आत साहेबांच्या डोक्यामागच्या भिंतीवर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी धंद्याने घड्याळजी. सवयीने तोंड उघडलं, "साहेब, तुमचं घड्याळ पुढं हाय. उद्या येऊन बघून देतो."

साहेबांनी मान वर केली नाही. "सकाळीच रेडिओवर मिळवलंय," म्हणाले. "मुदत तीनला संपली. आता तुम्ही उमेदवार. उद्या या आणि चिन्ह घेऊन जा."

पायऱ्या उतरताना मी मनगट कानाला लावलं. टिकटिक अगदी निरोगी होती. फक्त वीस मिनिटं मागे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं नाही. एक दिवस आपल्या मनगटावर बांधून हिंडायचं. काही घड्याळं टेबलावर उताणी पडलेली असली की शहाण्यासारखी चालतात आणि हातावर चढली की मागे पडायला लागतात. त्यामुळे माझ्या मनगटावर रोज कोणाचं ना कोणाचं घड्याळ असे. स्वतःचं घ्यायची कधी गरजच पडली नाही. त्या दिवशी होतं ते मालकांचं. सोनेरी पट्ट्याचं, परदेशी बनावटीचं. आणि जो अर्ज मी मागे घ्यायला निघालो होतो, तोही भरला होता मालकांच्याच सांगण्यावरून.

मालक म्हणजे आमच्या वॉर्डातले अडते. त्यांना सगळे मालकच म्हणत, ज्यांचे ते कोणी लागत नव्हते तेसुद्धा. आमचं गाव तालुक्याचं, पण नगरपालिका होती म्हणून शहर. बाजारपेठ एवढीशी, बाकी घरंच घरं. वाशीमच्या कोर्टात तारीख असणारे लोक सकाळच्या बसने जात, त्यात मालक हमखास असत. कारण त्यांचा हात. जकात नाक्यावरच्या कारकुनाने त्यांची गाडी अडवली, तेव्हा त्यांनी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्या कानाने त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. त्या खटल्यापायी छाननीत आपला अर्ज उडेल, अशी मालकांना धास्ती. तेव्हा एक डमी उमेदवार पाहिजे होता. त्यांच्या गल्लीतला, त्यांच्या जातीचा, आणि आपण निवडून येऊ असं ज्याला स्वप्नातही वाटणार नाही असा. तिन्ही गुण माझ्यात ठासून भरले होते.

अडतीत गादीसमोर पितळी ताट मांडलं होतं. ताटात बेलाची पानं आणि भंडाऱ्याची पिवळी रास. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर मोडणाऱ्याचं घर बुडतं, असं आम्ही लोक मानतो. त्या निवडणुकीत मालकांचा पुतण्या हेच ताट घेऊन घरोघर मतांच्या शपथा घेत हिंडत होता. मीही बेल उचलला. तुमचा अर्ज मंजूर झाला की माझा मी मागे घेईन.

अर्जाला सूचक लागतो. वॉर्डातल्या एका मतदाराची सही. गल्लीतल्या तिघांनी अंग काढून घेतलं. मग मी गवंड्याकडे गेलो. तो आमच्याच वॉर्डाच्या खालच्या टोकाला, बौद्ध वस्तीत राहायचा. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. तो हुशार आणि मी त्याच्या पाटीत बघणारा. माझ्या दुकानाचा ओटा त्यानेच बांधलेला.

"निवडून आला तं काय करशीन?" त्याने विचारलं.

"येतच नाई. मागं घ्याचा हाय अर्ज."

"मंग भरून कायले राह्यला?"

"मालकासाठी."

"अबे, लोकं सोतासाठी निवडनुकीत पडतात. तू दुसऱ्यासाठी पडून राह्यला!" हातावरचा चुना पँटीला पुसत त्याने सही केली. त्याचं अक्षर गुरुजी वर्गाला दाखवायचे. तसंच होतं अजून.

असो. छाननीत मालकांचा अर्ज टिकला आणि माझा मागे घ्यायचा राहून गेला. नगरपालिकेतून मी मालकांच्या अडतीत पोचलो, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. मी चपला काढायला वाकलो तेवढ्यात पहिली बसली. मालकांच्या थापडीबद्दल मी इतकी वर्षं ऐकून होतो. ऐकीव माहिती कमीच निघाली. मी सरकीच्या पोत्यावर जाऊन आदळलो, तिथून हमालांनी उठवून पुन्हा मालकांसमोर उभा केला, आणि दुसरी बसली.

"किती वाजले बे?" मालक म्हणाले.

मी मनगट पाहिलं. "साडेतीन, मालक."

"माहं घड्याळ घालून फिरून राह्यला, अन् तीन कवा वाजले हे तुले दिसलं नाई?"

आता सांगायचं होतं ते एवढंच, की मालक, घड्याळ मागं पडलं. चार शब्द. पण भोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. हमाल, माल घेऊन आलेले शेतकरी, समोरचा पानवाला. त्यातल्या निम्म्यांच्या मनगटावर मीच दुरुस्त केलेली घड्याळं. मालकांचं घड्याळ मी पंधरा दिवस ठेवून घेतलं होतं आणि असा कारागीर वाशीमलाही सापडायचा नाही, असं स्वतःच्या तोंडाने पानवाल्याला सांगितलं होतं. त्या तोंडाने मी म्हणालो, "उशीर झाला."

तिसरी बसली. खालचा ओठ फाटला.

मग पुतण्या बोलला. "काका, याची एवढी अक्कल नाई. याले कोनतरी शिकोलं. आपली मतं फोडाची अन् त्याइचा मास्तर निवडून आनाचा, असा डाव हाय हा. सूचक कोन हाय याचा, इचारा."

विचारायची गरज नव्हती. सूचकाचं नाव फलकावर लागलं होतं. खालच्या वस्तीतले एक निवृत्त मास्तर मालकांच्या विरोधात उभे होते, हेही सगळ्यांना माहीत होतं. मी फक्त 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. मी तोंडातलं रक्त गिळलं. मालकांनी माझ्या मनगटावरून घड्याळ ओढून काढलं, पट्ट्यात अडकलेल्या कातडीसकट, आणि मला ओट्यावरून खाली ढकललं.

घरी बायकोने ओठाला हळद लावली. माझी बायको कमी बोलते असं तिच्या माहेरचे सांगतात. मला तसा अनुभव नाही.

"काहून मारलं?"

"उशीर झाला म्हनून."

तिने माझं सोललेलं मनगट पाहिलं. "घड्याळ?"

"नेलं त्याइनं."

"चालत होतं ना?"

"चालत होतं."

"बरोबर?"

मी ओठ दुखतो असं खुणेने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला सावध करायला निघालो. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत एका वकिलाचं घर तो बांधत होता. दोन-चार दिवस केनवडला सासुरवाडीला जाऊन ये, एवढं सांगायचं होतं. पण सदऱ्याला गुंडी नव्हती. उमेदवार माणूस, बिनगुंडीचं कसं जायचं, म्हणून गुंडी लावून घ्यायला थांबलो. ती गुंडी मला अजून आठवते. पांढरी, चार भोकांची.

मी पोचलो तेव्हा पायाडाखाली पाच जण उभे होते. पुतण्याच्या हातात ते पितळी ताट. गवंडी हातात थापी घेऊन खाली उतरत होता.

"उचल बेल," पुतण्या म्हणाला. "अन् म्हन, मी त्या घड्याळजीले शिकोलं नाई."

"नाई शिकोलं."

"बेल उचलून म्हन."

"ते आमी सोडलं, भाऊ. माह्या बापानं धम्म घेतला तवाच सोडलं. नाई शिकोलं म्हनतो ना मी? तेवढंच खरं."

"खरा असता तं बेल उचलाले भेला नसता."

"मी भेत नाई. मी उचलत नाई."

भोवतीचे मजूर कळवळून सांगायला लागले, उचल ना बापा, हात लाव अन् सुट. त्यांनाही ते पटलं असावं, की निर्दोष माणूस बेल कशाला नाकारेल? वाळूच्या ढिगाजवळ मी उभा होतो. बेल उचलून शब्द मोडलेला. आणि समोर हा, बेल न उचलता खरं बोलणारा. कोणाला काही विचारायचंच असेल तर मला विचारायला पाहिजे होतं.

दोघांनी त्याला मागून धरलं. तिसऱ्याने गुडघ्यामागे लाथ घातली. तो विटांच्या चवडीपुढे गुडघ्यावर आला तसा त्याचा उजवा हात ओढून विटांवर दाबून धरला. पुतण्याने ताट वाळूवर जपून ठेवलं, भंडारा सांडू नये म्हणून. मग फावड्याचा दांडा उचलला. पहिल्या घावाने वीट फुटली. दुसरा बोटांवर बसला. गवंडी ओरडला नाही. चहा ओतणाऱ्याला म्हणावं तसं हळू म्हणाला, "बस, बस." तिसऱ्या घावाला आवाज झाला तो मी धंद्यात रोज ऐकतो. बुटाखाली घड्याळाची काच यावी तसा. मग तो ओरडला.

मी पळालो. मागे नाही, पुढे पळालो, एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पळताना मी "घड्याळ! घड्याळ!" असं ओरडत होतो. ते कोणाला कळणार? एकाने माझ्या पोटात लाथ घातली आणि मी सिमेंटच्या गोणीवर पडून ओकलो. वर पाहिलं तर दांडा चौथ्यांदा खाली येत होता. तो गवंड्याच्या कपाळावर बसला. मग पुतण्याने ताट उचललं, त्यावर उडालेली विटेची धूळ फुंकली, आणि ते लोक चालत निघून गेले. घाई कोणालाच नव्हती.

आम्ही त्याला वाळूच्या हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. हाताचं जे झालं होतं ते तिथे धावत आलेल्या त्याच्या बायकोने पदराखाली झाकलं. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "भाऊजी, तुमी होते ना तिथं?"

"होतो."

"मंग ठान्यात जाऊन सांगा. मजूर म्हनतात पायाडावरून पडला."

मजुरांचं मला नवल वाटलं नाही. त्यांनाही याच गावात राहायचं होतं. पण खाटेवरून गवंडी बोलला. कपाळावरची पट्टी भिजून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि त्याला चिंता भलतीच होती. "पडलो म्हनून लिहून राह्यले बे. पंधरा-सोळा वर्सं झाली मले, एक डाव पायाडावरून घसरलो नाई. अन् आता कागदावर लिहितीन, की गवंडी पडला." थोडा वेळ दम घेऊन म्हणाला, "हात गेला तं गेला. पडलो असं नोको लिहू देऊ."

त्याच्या धंद्याची इभ्रत होती ती. माझ्या धंद्याचीही इभ्रत होतीच, कालच तर वाचवली होती.

ठाण्यात बाकावर पुतण्या दोन माणसांसह बसला होता, स्वच्छ धोतरात. जमादार म्हातारे, सभ्य. माझं सगळं ऐकून म्हणाले, "मारलं म्हणता. मजूर म्हणतात पडला. मारायचं कारण काय पण?"

"त्याइले वाटलं, त्यानं मले शिकोलं. अर्ज मागं घेऊ नोको म्हनून."

"मग घेतला का नाही मागे?"

पुतण्या पुढे झुकला. दारातला शिपाई आत आला. मी डोळे मिटून सांगून टाकलं. मालकांचं घड्याळ मी दुरुस्त केलं. ते टेबलावर ठीक चाललं, हातावर वीस मिनिटं मागे पडलं. तेच बांधून मी गेलो. गवंड्याचा यात काडीचा संबंध नाही. काल सांगितलं नाही, कारण माझी लाज गेली असती.

मग शिपायाने हळूच स्वतःचं मनगट पाहिलं. तेही घड्याळ माझ्याच दुकानातून गेलेलं. जमादारांनी आपलं पाहिलं. आणि एकदम सगळे हसायला लागले. पुतण्याही हसला. हसता हसता त्याच्या ध्यानात आलं असावं की त्याने एका माणसाचा हात कशापायी फोडला. काकांच्याच घड्याळापायी. त्याने जमादारांच्या टेबलावरचा पितळी लोटा उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला. समोरचे दोन दात गेले. मी बाक घेऊन उताणा पडलो, तर त्याने माझ्या छातीवर पाय दिला आणि पुन्हा हाणला. जमादारांनी आणि शिपायाने मिळून त्याला आत कोंडला. मग जमादारांनी जबाब लिहायला घेतला आणि शिपायाला माझे दात शोधायला लावलं. एक सापडला.

कागदावर 'मारहाण' असं लिहिलं गेलं. मी ते दोनदा वाचून पाहिलं आणि खाली सही केली.

त्याच दुपारी मालक माझ्या दुकानात आले. एकटेच. मी तोंडात फडकं धरून बसलो होतो. त्यांनी खिशातून ते सोनेरी पट्ट्याचं घड्याळ काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं, माझीच हातोडी उचलली आणि घड्याळाचा चुरा केला. "आता बरोबर चालन," म्हणाले. मग कपाटातली गिऱ्हाइकांची घड्याळं एकेक काढून, टेबलावर मांडून, एकेक फोडत गेले. भिंतीवरची ओढून ओट्यावर आपटली. एका काट्याने माझा गाल चिरला. बाहेर गर्दी उभी होती. कोणी आत आलं नाही, आणि मीही उठलो नाही. शेवटी माझं डोळ्याला लावायचं भिंग राहिलं होतं, ते त्यांनी टाचेखाली घेतलं.

मला छत्री हे चिन्ह मिळालं. प्रचार मी केला नाही. समोरचे दात नसलेल्या उमेदवाराने बोलूही नये. मतदानाच्या दिवशी शाळेसमोर दगडफेक झाली. खालच्या वस्तीतले लोक रांगेत उभे होते आणि मालकांची माणसं पलीकडच्या गच्चीवरून विटा टाकत होती. एका म्हातारीचं डोकं फुटलं. तिने पदर डोक्याला बांधला आणि रांग सोडली नाही. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यातली एक उमेदवार असूनही माझ्या पाठीला मिळाली. गवंडी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आला. डाव्या हाताने शिक्का मारताना त्याला बराच वेळ लागला असावा, कारण आतून मतदान केंद्रावरचे साहेब ओरडल्याचं ऐकू आलं.

मास्तर निवडून आले. मालक जेवढ्या मतांनी पडले, त्यापेक्षा दोन मतं मला जास्त पडली होती. छत्रीवर शिक्का कोणी मारला असेल, हे मला आजवर कळलेलं नाही. मालकांना मात्र तिथल्या तिथे कळलं. मोजणीच्या दारातून बाहेर पडलो तसे सात-आठ जण माझ्यावर तुटून पडले. गुलाल आणि माती आणि लाथा. दोन बरगड्या मोडल्या. कोणीतरी माझ्या उघड्या तोंडात मूठभर गुलाल कोंबला आणि म्हणाला, "घे, निवडून आला!"

पुढे खटला वाशीमच्या कोर्टात चालला, मी साक्ष दिली, पुतण्याला शिक्षा झाली. थोडी. गवंड्याची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. तो डाव्या हाताने गिलावा करायला शिकला. सही मात्र डाव्या हाताला साधली नाही. लहान मूल गिरवतं तशी ती वाकडी येते.

पण निकालाच्या संध्याकाळी हे सगळं अजून व्हायचं होतं. मी अंगणात खाटेवर पडलो होतो. घरावर दगड येऊन गेले होते आणि बायको ते वेचून टोपलीत भरत होती. गुलाल थुंकत थुंकत मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. अडतीतल्या तीन थापडा, भोवती उभी माणसं, मी का गप्प राहिलो ते, गुंडी, विटांची चवड, ठाण्यातला जबाब. मग राहवलं नाही म्हणून म्हणालो, "अखेर खरं बोललो ना पन मी? दोन दात गेले, दुकान गेलं, बरगड्या गेल्या. तरी बोललोच ना?"

तिने टोपली खाली ठेवली. पदराने माझ्या हनुवटीवरचा गुलाल पुसला, जरा जोरातच. मग म्हणाली, "अडतीतच बोलले असते, तं तुमाले एक थापड जास्त बसली असती. एकच."